आग रामेश्वरी

आग तळव्यांत, आणि शमीम परकार
माझ्या डोक्याला यंत्र लावते.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, मी म्हटलं.
ती हसली नाही. अंगठा सैल सोडा, म्हणाली.

टक्.
माझा अंगठा उडाला. मी नाही उडवला.
जाळ्यातून काढलेल्या बोयटाची शेपटी जशी.

केमो संपून वर्ष झालं.
गाठ गेली, केस आले, जरा कुरळेच.
राहिले पायांतले हे निखारे,
ज्यांना रात्री चादरही सोसत नाही.
आणि बोटांना कळत नाही,
हातात गुंडी आहे की चिंचोका.

टक् टक् टक् टक्.
चाळीस वर्षं भाट्याच्या खाडीत
मी कालवं फोडली अशीच,
कोयतीच्या टोकानं, आतलं न दुखवता.
आता मीच कातळाला चिकटलेली
आणि सुकती लागलेली.

मेंदूला दुखण्याची सवय लागलीय, डॉक्टर सांगतात,
ती मोडायची.
किती मोडेल ते सांगत नाहीत.
शमीम रोज आकडा विचारते.
आठ. आठ. आठ.
सोमवारी साडेसात म्हटलं, तिचा चेहरा बघून.

बाराव्या दिवशी एसटी सोडून
पुळणीवर उतरले, चपला हातात.
आग होतीच.
पण आगीच्या खाली काहीतरी गार होतं, ओलं,
आणि कालवाची एक शिंप
नेमकी टाचेला टोचली.

टोचली!
पाय न उचलता तिथंच उभी राहिले.
उद्या शमीमला काय सांगू?
याला कुठला आकडा?