उचित कार्यवाहीस्तव

माझ्या ओळखपत्रावर छापलंय: समन्वयक (कंत्राटी).
लोक कंसातलं आधी वाचतात.

वसमत. पंचायत समितीच्या गोदामात
वायरमनच्या अवजारांच्या चाळीस पेट्या, सीलबंद.
शेजारी हळद पॉलिश करायचा ड्रम दिवसभर गरगरतो,
खिडकीच्या फटीतून धूळ येते.
दोन वर्षं झाली
पेट्या अंगाला हळद लावून बसल्यात,
वऱ्हाड काही येईना.

शिकवणारे सर आयटीआयचे.
खोली नगरपरिषदेची, तिला कुलूप, किल्लीवाला रजेवर.
मुलांची यादी समाजकल्याणला, म्हणजे हिंगोलीत.
मीटरचा अर्ज महावितरणात, प्रलंबित.
एकेकाकडे एकेक अवयव.
जीव कुणाच्या कपाटात ठेवलाय
ते कुणी सांगत नाही.

मी स्कूटीच्या डिकीत पत्रं घेऊन फिरते.
प्रत्येक पत्राखाली तीच ओळ:
आपल्या स्तरावरून उचित कार्यवाहीस्तव सादर.
हा स्तर मी शोधला.
जिन्याखाली शोधला, झेरॉक्सच्या दुकानात शोधला,
साहेब साईटवर गेलेत तिथंही जाऊन आले.
साईटवर बाभळी होत्या.

कुरुंद्याची एक मुलगी.
एका यादीत रुखसाना, दुसऱ्या यादीत रुख्साना.
त्या अर्ध्या ख साठी
तिनं तीनदा एसटीचं तिकीट काढलं.
चौथ्यांदा म्हणाली,
मॅडम, मीच अर्धी येऊ का?

मंगळवारी बैठक झाली.
पाच विभागांनी पाच प्रतिनिधी पाठवले,
ज्यांना फक्त खारी खाण्याचे अधिकार होते.
सर्वांनी परस्पर समन्वय साधावा असं ठरलं.
इतिवृत्त मीच लिहिलं.
लिहिताना हसू आलं, ते इतिवृत्तात नाही.

मग एकदा उशीर झाला म्हणून
बसस्थानकामागच्या टपरीवर थांबले,
तर पाचही कार्यालयांचे शिपाई बाकड्यावर.
पंचायत समितीचे पुंजाजी खिल्लारे म्हणाले,
तुमचा कागद व्हय? हिरव्या फाईलखाली हाय, चौथा.
नगरपरिषदेचे गफूरभाई म्हणाले,
किल्ली माझ्याच घरी हाय की, कुणी मागितलीच न्हाई.
महावितरणचा पोरगा नुसता चहा पीत राहिला.
शेवटी म्हणाला, तेवढं माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.
मी पाच कटिंगचे पैसे दिले.
या खर्चाला लेखाशीर्ष नाही.

पेट्या सोमवारी हातगाड्यावरून निघाल्या.
सदतीस भरल्या. तीन कुठं गेल्या, मी विचारलं नाही,
विचारलं असतं तर चौकशी बसली असती
आणि सदतीसही परत सील झाल्या असत्या.
हे मी इथं लिहितेय, दुसरीकडे लिहू नका.

खोलीत वीज नव्हतीच.
काझी सरांनी दार उघडं ठेवलं, उजेडाला.
म्हणाले, बरंच झालं,
पहिला धडा मेलेल्या तारेवरच द्यायचा असतो.
एकतीस जण खाली मांडी घालून
तारेची सालं काढत होते,
भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तशी.
लाल, काळी, हिरवी टरफलं फरशीवर.
अर्जाच्या नमुन्यात लिंगापुढं एकच शब्द छापलेला, पुरुष.
रुखसानानं तो पेनानं खोडून शेजारी काय लिहिलं
मी वाचलं नाही. सही केली.

मीटर एकोणिसाव्या दिवशी लागलं.
एकतिसांतले नऊ कामाला लागले,
बाकीचे फोन उचलत नाहीत, किंवा रिचार्ज नाही.
माझी मुदत एकतीस मार्चला संपते.
मुदतवाढीचं पत्र कुठंय, पुंजाजींना माहीत आहे,
ते आजकाल माझ्याशी हवापाण्याचं बोलतात.

काल हळदीच्या कारखान्यात गेले, पाहणीला.
रुखसाना पॅनलपाशी स्टुलावर उभी,
ओढणी कंबरेला, तिच्यात टेस्टर खोचलेला.
तिचं प्रमाणपत्र द्यायचं होतं.
नाव वाचलं तर ख पुन्हा अर्धा.
म्हटलं, दुरुस्तीला पाठवते, दोन महिने लागतील.
राहू द्या मॅडम, ती म्हणाली,
आणि जरा बाजूला व्हा,
चालू करतेय.