साडेसहाची गाडी

सांगली–सातारा, तीस वर्षं, रोज साडेसहाची गाडी.
रिटायर झाले त्या संध्याकाळी अण्णांनी
घड्याळ काढून माझ्या वहीवर ठेवलं.
पट्ट्याखालची कातडी गोरी, तान्ह्या बाळाची.

म्हटलं, अण्णा, चालत्या गाडीतलं घड्याळ मागं पडतं.
"तरीच! डेपोतलं कायम पुढं असायचं."

लाइटबिलाच्या पाठीवर गणित मांडलं.
एका सेकंदाचे तीस लाख तुकडे,
त्यातला एक. एवढाच वाचला.
"तेवढ्यात क्लचवर पायसुद्धा जात नाही."
(सातारा उंचावर, तिथं उलट पुढं पळतं,
हे मी सांगितलंच नाही.)

मग बऱ्याच वेळानं,
"पण मला तर कुठलंच मिनिट आखूड लागलं नाही.
पेठ नाक्याचा चहा पुरता गरम असायचा."

नाहीच लागणार, अण्णा.
ज्याच्या मनगटावर, त्याच्याच वाटेची लांबी
मोजतं घड्याळ,
आणि ती ज्याची त्याला पुरी भरते.
फरक कळतो तो परत आल्यावर,
दोन घड्याळं शेजारी ठेवली तर.

आईनं आतून ऐकलं असावं.
भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत म्हणाली,
"म्हणजे तेवढी मी जास्त थांबले.
मांडून ठेव."