साइडकारमधली जागा

चिल्ला लागला की नुकूसच्या पुढे
रस्त्याला रस्ता म्हणायचं ते सवयीनं.
डांबर टायरला चिकटतं, सुटतं, चिकटतं,
कुणीतरी ओल्या चपलांनी मागे येतंय असा आवाज.

माझी उराल माझ्याहून मोठी, बापाच्या हातची.
तिच्या सीटवर रेक्झिन होतं तोवर
उन्हात उभी केलेली गाडी परत घेताना
मी आधी तळहात टेकवून बघायचे,
तवा तापला का बघतात तसा, भीत भीत.
बाप म्हणाला, मेंढीचं कातडं घाल.
जुलैत लोकर? मी हसले.
तो वाद घालणारा माणूस नव्हता.
माझं मनगट धरून त्यानं
बोटं लोकरीच्या मुळाशी नेली.
तिथं थोडी हवा होती,
काल रात्रीची, कुणी न ढवळलेली.

मग एकेक कळत गेलं.
अंग उघडं टाकलं की ऊन आत येऊन बसतं,
म्हणून बाह्या मनगटापर्यंत.
गळ्याला ओला रुमाल; तोही
वीस किलोमीटरच पुरतो,
मग वाळल्या पानासारखा वाजतो.
चहा हिरवा, आणि कढत. का, ते विचारू नका.
आणि गाडी थांबवायची नाही.
चालत्या गाडीला वारा असतो,
भट्टीचं दार उघडल्यासारखा,
पण वारा.

हे सगळं माझ्या सीटचं.
साइडकारमधल्या सीटचा थाट वेगळा.
तिथं लशीची निळी पेटी बसते,
आत बर्फ, वर ओलं पोतं,
त्यावर तारेनं बांधलेली छत्री.
दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही.
आरशापेक्षा मी तिच्या काट्याकडे जास्त बघते.
ज्यांच्या आजीच्या कातडीवर मी बसते
त्या मेंढ्यांना टोचायला निघालेली मी,
आणि सावली पेटीला.

त्या दिवशी कुंग्रादच्या अलीकडे
बसथांब्याच्या खांबाच्या सावलीत,
खांबाएवढीच बारीक होऊन
उल्बोसिन आपा उभी होती.
पुढचा मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं नाव,
ऐंशी वर्षं तिनंच वापरलेलं.
बस सकाळची होती. दुपार झाली होती.
जागा नाही म्हणायला मी तोंड उघडलं
तोवर ती साइडकारमध्ये उतरलीही होती,
पेटी मांडीवर, पोतं गुडघ्यांवर,
तारेतून सोडवलेली छत्री हातात.

पाच-सहा किलोमीटर एक शब्द नाही.
मान छातीवर पडलेली. मला धस्स झालं.
मी वेग उतरवला.
"हळू करू नको," ती डोळे न उघडता म्हणाली,
"वारा जातो."

मग इंजिनाच्या वरून, ओरडून, तुकड्या-तुकड्यांनी:
मुइनाकच्या कारखान्यात ती मासळीच्या पेट्या वाहायची.
तेव्हा मासळी होती. मासळीला पाणी होतं.
बर्फ वितळून पोटावरून ओघळायचा,
जूनमध्येसुद्धा कुडकुडायच्या बाया,
पाळी संपेपर्यंत थंडीला शिव्या घालायच्या.
"काय काय शिव्या दिल्या गं आम्ही,"
ती म्हणाली, आणि त्यांतली एक
दोन्ही बाजूंच्या खारट मोकळ्या रानाला
मोठ्यानं ऐकवली.
मी ती इथं लिहीत नाही.

गाव आलं. ती उतरली.
झग्यावर पोटापाशी पेटीएवढा चौकोनी ओलावा.
काटा बघितला: सहा.
तिनं स्वतःच्या बाटलीतलं पाणी पोत्यावर ओतलं,
छत्री तारेत अडकवायला गेली, जमलं नाही,
तशीच तिरकी ठेवली.
पैसे देण्याघेण्याचं कुणी काढलं नाही.

फाटकाशी पोचून ती वळली.
मला वाटलं, आता दुवा देईल.
ती म्हणाली,
"परवा पण लस आहे का?"