उलटी बाजू

साडीच्या कॅटलॉगचं पान घेऊन गेले
तर झेरॉक्सवाला इरण्णा आता काही विचारत नाही.
"टोनर गडदच ना, श्रीलताक्का?"
पान गुळगुळीत हवं, शाई न पिणारं,
एवढं त्याला पाठ आहे.
हिरवं नारायणपेठ नेसलेल्या बाईच्या गालावरून
माझ्या काळ्या रेघा उतरतात
आणि आठ टिंबांपाशी येऊन थांबतात.
तिथं आयसी बसणार.

तांब्याचा पत्रा तारेच्या काथ्यानं घासायचा
आणि मग बोट लावायचं नाही,
बोट लागलं तिथं रेघ धरत नाही.
मग इस्त्री.
मे महिना, वर पत्रे, पंखा बंद,
वाऱ्यानं तांबं निवतं म्हणून.
मनात दोनशे मोजायचे.
मी तेलुगूत मोजते.
मराठीत एकशे साठलाच हात दुखायला लागतो.

भिजवायला पाणी दोन तांबे, जास्त नाही.
भद्रावती पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो,
रात्री, कधी दोनला, कधी चारला,
आणि हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय:
नळाच्या तोंडात दोन तारा,
पाण्यानं त्या एकमेकींना गाठलं
की नायनांच्या उशाशी दिवा.
घंटा नको.
एकतीस वर्षं मागाशेजारी काढलेला माणूस,
घंटा त्यांना फक्त हलताना दिसते.

नवी पेठेतून आणलेलं फेरिक क्लोराइड
गुळाच्या खड्यासारखं, पाण्यात टाकलं की पाणीच तापतं.
रंग अम्माच्या बोटांचा.
आइस्क्रीमच्या डब्यात बोर्ड बुडवला
आणि डबा सारखा हलता ठेवायचा, अर्धा तास.
अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
न विचारता तिनं डब्याला दोरा बांधला,
दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला.
पान, तंबाखू, दोरा, गाठ,
आणि खाली अंगठा आपला हलतोय,
आम्हा तिघांना हलवला तसाच.
"झोपला का गं?" म्हणाली.
"खातोय अजून," म्हटलं मी.

डाग फरशीला पडला. माझ्या ओढणीला पडला.
ते जात नाहीत, कुणी काही सांगो.

टोनर पुसला. रेघा लखलखीत.
आणि मग लक्षात आलं.
पान उलटं छापायचं राहिलं होतं.
सगळं आरशातलं: एकच्या जागी आठ,
डाव्या पायाला उजवी वाट.
दोनशे आकडे, दोन तांबे पाणी, एक ओढणी.
मी बोर्ड खाटेवर टाकला.

नायनांनी उचलला. चष्मा कपाळावर,
पाठ बघितली, पोट बघितलं,
अंगठ्यानं रेघ चाचपली
जसा ते काठ चाचपतात.
"काय झालं?"
मी हातांनी उलटंपालटं करून दाखवलं.
त्यांनी अंगाखालची चादर ओढली,
चादरीचा कोपरा दुमडला.
इकडं लाल जमिनीवर पांढरा मोर.
तिकडं पांढऱ्या जमिनीवर लाल.
"ह्यात उलटी कुठली, सांग."
ते मोठ्यानंच बोलतात. शेजारच्या गाजूलांनी पण ऐकलं.

मग मी आयसी तांब्याच्या बाजूनंच बसवला,
पाय पसरून, रेघांच्या अंगावर.
ओबडधोबड दिसतो. गरीब दिसतो.
चालतो.

पहिल्या रात्री अकरालाच लागला.
नळात पाल होती.
दुसऱ्या रात्री काही नाही.
तिसऱ्या रात्री पावणेतीनला मला जाग आली
तर घागरी रांगेत लावलेल्या,
आणि नायना खाटेवर मांडी घालून
विझलेल्या दिव्याकडं टक लावून.

नायना, झोपा की. तो उठवेल ना.
ओठ वाचून त्यांनी मान हलवली.
"उठवतो का तेच बघतोय."