पाऊणपट

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते.
अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ,
वर घटकाभर हर्णैच्या खडकांची सूट.
बाबांना एवढंच गणित येतं,
चाळीस वर्षं होडी आतबाहेर करायला ते पुरलं.

मला ठेवलंय दुसऱ्या भरतीवर.
दक्षिणेच्या टोकाला, जिथे आता दिवस उजाडतच नाही,
एक पेटी आहे. तिच्या खिडकीला
काचेऐवजी थर्माकोल,
आपल्या पापलेटच्या खोक्याला असतो तसाच.
पेटी बघत नाही, ऐकते:
सत्तर किलोमीटर वर ओझोनचा रेणू गिरकी घेतो,
त्याची खरखर.
दर पाव तासाला एक ठिपका
माझ्या पडद्यावर उतरतो.

आषाढ. मासेमारी बंद.
होड्या वाळूवर, झावळ्यांखाली.
बाबा जाळं सांधत बसलेले, मी ठिपके.

नवमीच्या रात्री ठिपके घसरले.
तासाभरात तिसरा हिस्सा गायब.
वाटलं, खिडकीवर हिम साचलं असेल.
तिकडे लालरेमला कळवलं.
तो बाहेर जाऊन पुसून आला.
हिम नव्हतं, त्याने लिहिलं,
पण आकाश हिरवं आहे, आणि हलतंय.

म्हणजे सूर्याकडून आलेले कण.
न उगवलेल्या सूर्याकडून.

पाच तासांनी रेघ पुन्हा होती तिथे आली,
काही झालंच नाही अशी.

बाबांनी विचारलं, कुठे गेला होता?
तुटला होता, म्हटलं, मग जुळला.
"मग नुसकान कोनाचा झाला?"
मला सांगता येईना.
असले ठिपके अहवालात खटकतात.
खोडले तर कोणी विचारणार नाही,
पाऊणपट लावून बघावी असं इथे काही नाही.

बाबा उठले. टॉर्च घेतला.
पावसातच झावळ्या बाजूला करून
होडीच्या आतल्या फळीवर माझं बोट नेऊन ठेवलं.
कोयत्याची एक खाच. बोटभर.
"एकदा पानी सात पावलं मागं गेला.
तिथी नव्हती, वारा नव्हता.
बिडी संपेपर्यंत परत आला."
कोणाला सांगितलंत?
"कोनाला सांगनार?"

कधी, म्हटलं.
"तू नव्हतीस तेव्हा."

खाचेत डांबर भरलेलं होतं,
दर वर्षी होडीला लावतात ते,
पण कडा लागत होत्या बोटाला.

घरी आले. ठिपके तसेच ठेवले.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: हिरवं, हलणारं.
मग ते खोडून
नीट लिहिलं.