पंधरा हात दोरी

सुट्टी ऑगस्टात, पण त्सियालामावशीची बॅग
जूनपासूनच पलंगाखाली आ वासून पडलेली.
चियातुराच्या उतारावर चौथ्या मजल्याचं घर,
खाली मँगनीजनं काळवंडलेली नदी,
आणि मावशी रोज एकदा कमरेत वाकते,
एक वस्तू आत टाकते, दोन बाहेर काढते.

तिचा नियम साधा : ज्याला एकच काम येतं
त्यानं घरी बसावं.
म्हणून छत्री नाही. गॉगल नाही.
माझं केस वाळवायचं मशीन तर तिनं
मांजराचं पिल्लू ठेवावं तसं
दोन बोटांत धरून दाराबाहेर ठेवलं.

चादर मात्र येते. निळ्या चौकड्यांची, सुती,
इतकी धुतलेली की आरपार दिवा दिसावा.
गाडीत पडदा, वाळूत बैठक,
हिच्याच आडोशाला आम्ही तिघी बहिणींनी
कुडकुडत ओले कपडे बदललेले;
इराक्लीला ताप चढला त्या रात्री
भिजवून त्याच्या अंगावर हीच,
आणि परतताना हिच्याच गाठोड्यात सात कलिंगडं.
चार होती. पण मावशी सात म्हणते.

पाणी उकळायची तारेची गुंडाळी :
चहा, अंडी, एकदा सॉसेजसुद्धा,
सॅनेटोरियमच्या अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडेपर्यंत.
नुगझारकाकांचा चाकू, पातं झिजून मासोळीएवढं.
अकरा सेफ्टीपिना. जॅमची रिकामी बरणी,
जी जाताना आंबट आलुबुखाराची चटणी नेते
आणि येताना काय आणेल ते सांगता येत नाही.
सगळ्यात वर, खाणीतून काकांनी आणलेली
पिवळी नायलॉनची दोरी.
पंधरा हात. मी मोजलीय.

काका गेले त्या वर्षी सुट्टी नव्हती.
पुढच्या वर्षीही नव्हती.
बॅग मात्र दोन्ही वर्षं जूनमध्ये उघडली.

उरेकीची वाळू काळी, चुंबकाची,
म्हणतात सांधे मोकळे करते.
माझ्या पर्सच्या बटणाला तर तिनं दाढीच आणली.
आम्ही बूड टेकतो न टेकतो तोच
ग्युमरीहून आलेल्या बाई : चाकू मिळेल का?
मग पोहायच्या कपड्यांचा बंद तुटलेली एक मुलगी,
लाजून लाल, पाठीशी हात धरून : पिन?
मावशी देते. मावशी मोजून परत घेते.
दुपारपर्यंत अर्ध्या किनाऱ्याला
आमची बॅग नावानिशी ठाऊक.

मी पाण्यातून ओरडले, ये ना!
एकतीस उन्हाळे येतेयस, कधी भिजलीस तरी का?
ती म्हणाली, बॅग कोण बघणार?
मी बाहेर आले, ठिबकत. म्हटलं, मी बघते.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
केस वाळवायच्या मशीनकडे पाहिलं होतं, तसंच.

मग बराच वेळ काही नाही.
कुणाचा तरी चेंडू आला, तिनं परत फेकला.
चादरीवर वाळू आली, झटकली.
आणि मग तिनं दोरी उलगडली.
एक टोक बॅगेच्या कानाला, खाणकामगाराची गाठ,
काकांनी शिकवलेली, ओढावी तितकी आवळणारी.
दुसरं टोक मनगटाला.
झगा गुडघ्यापर्यंत वर, पिना दोन.

दहा हातांवर ओली वाळू.
बारावर फेस, आणि तिचा एक अस्फुट शब्द
जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.
पंधरावर दोरी ताठ. पाणी नडगीला.
ती उभी राहिली, खांब रोवल्यासारखी,
मागे बॅग, पुढे सगळा काळा समुद्र.

एक लाट आली, मोठी म्हणावी अशी नाही.
ओसरली.
मागे वाळूत बॅग एक वीत पुढे सरकली.
मी धरायला धावले, तर मावशी
मान न वळवता म्हणाली, राहू दे.

आणखी एक वीत.