मुदत

खातं बंद करा म्हटलं, तर ते विचारतं, नक्की?
पुन्हा विचारतं, नक्की ना?
मग म्हणतं, तीस दिवस थांबतो, मन बदललं तर या.
एवढी मनधरणी तौनोनंसुद्धा केली नव्हती
मी घर सोडलं तेव्हा.

मी फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते,
कुहमो गावापासून पार रशियाच्या हद्दीपर्यंत.
कुठल्या थांब्यावर सहा घरं, कुठे दोनच.
मुदत हा माझा रोजचा शब्द.
चार आठवड्यांची देते, मागितली तर वाढवते,
दंडाचं फारसं मनावर घेत नाही.

का सोडलं, सांगते.
रात्री तीनला अंगठा आपला आपण चालायचा,
म्हाताऱ्या गाईचा जबडा झोपेत चालतो तसा.
चुलतबहीण आइनी तिथे लांडग्यांवरून भांडायची,
मारावेत की राखावेत,
आणि मी मनातल्या मनात आधी तिच्या बाजूनं,
मग तिच्याविरुद्ध,
पहाटे पाचला इंजिन तापवायचं असताना.
लांडगा मी जन्मात एकदा पाहिला.
त्यानं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

पहिल्या आठवड्यात अंगठा खिशात तडफडला.
दुसऱ्यात मी मोजा विणला. एकच.
तिसऱ्यात विसरले.

तेविसाव्या दिवशी तळ्याकाठच्या थांब्यावर
उर्हो आला नाही.
त्याच्यासाठी मधमाश्यांचं पुस्तक राखून ठेवलेलं,
मोठ्या अक्षरांचं, मुद्दाम मागवलेलं.
हॉर्न दिला. मग पुस्तक कोटात घालून
गुडघाभर बर्फातून त्याच्या दारापर्यंत गेले.
केर्तूनं दार उघडलं.
मी म्हटलं, काय, म्हातारा आळसावला का?

शनिवारी पुरलं, ती म्हणाली.
मग म्हणाली, मी सांगितलं होतं की सगळ्यांना.
सगळ्यांना म्हणजे तिथे.

अशा वेळी भुईनं पोटात घ्यावं म्हणतात,
पण जानेवारीत इथली भुई कुदळीलाही दाद देत नाही.
उर्होसाठी ती दोन दिवस
निखारे घालून तापवावी लागली होती.

तिनं कॉफी ठेवली. फोन माझ्यापुढे सरकवला.
एकशे बारा मेणबत्त्या,
चित्रातल्या, न वितळणाऱ्या.
हृदयं वेगळी.
"चर्चमध्ये नऊ जण होते, पाद्री धरून."
तक्रार नव्हती, नुसती मोजदाद.
"आणि त्यानंतर दार तूच वाजवलंस.
तेही तुला माहीत नव्हतं म्हणून."

यावर काय बोलणार.
पुस्तकाचं काय करू, विचारलं.
ठेव म्हणाली, माश्यांना उन्हाळ्यात कोणीतरी लागेलच.
मी जूनपर्यंतची मुदत टाकली.
नियमात बसत नाही.

एकोणतिसाव्या रात्री परत शिरले,
फक्त तिचं ते पान बघायला, शप्पथ.
मेणबत्त्यांखालची नावं वाचली, एकूण एक.
निम्मे माझ्याच गाडीतून पुस्तकं नेतात.
आइनीही होती, लांडग्यांच्या दोन भांडणांमध्ये
वेळ काढून लिहिलेलं,
"यानं मला पोहायला शिकवलं. अकरा वर्षांची होते,
तळ्याला घाबरायचे."
आइनी माझी बहीण आहे,
आणि मला हे माहीत नव्हतं.

मग अंगठा घसरला.
कुणाची होडी विकायची आहे, कुणाला नात झाली,
कुणाचं नवं स्वयंपाकघर, त्याचे नळ,
पुन्हा लांडगे.
मान वर केली तेव्हा खिडकी निळी पडली होती.

आत पाऊल टाकलं की आधीचे दिवस बाद.
सोडायचं तर पुन्हा एकपासून मोजायचं.
आता ते परत विचारतंय, नक्की?
थांब म्हटलं, आधी गाडी.

तळ्याकाठच्या थांब्यावर केर्तू उभी आहे,
उर्होची टोपी घालून, हातात पुस्तक नाही,
बहुतेक न्यायचंही नाही.
मी हीटर वाढवते,
दार उघडते,
आणि तिच्यासाठी खालची पायरी सोडते.